निशी-कासाई, टोकियो: नोकरीसाठी जाण्याआधी आठ रात्री राहून पाहिलेलं घर

पाचपैकी चार. एक गुण का कापला ते पुढे लिहिते. पण आधी हे सांगते की टोकियो फिरायला येणाऱ्यांसाठी ही जागा नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या दिसतात, त्यांत वाळत घातलेले शर्ट आणि उन्हात टाकलेल्या गाद्या. खाली सायकलींचा स्टँड. संध्याकाळी सात वाजता गल्ली शांत होते. आम्हाला नेमकं हेच बघायचं होतं.

मला टोकियोत नोकरी मिळाली आहे. रुजू व्हायचं एप्रिलमध्ये आणि होकार-नकार कळवायचा डिसेंबरअखेर. घरात चौघं: मी, नवरा, चौथीतली लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन बघून यायचं ठरलं, तेव्हा नातेवाइकांनी फुजी, क्योतो, डिस्नेलँड अशी यादी हातात दिली. ती आम्ही बाजूला ठेवली. जिथे खरोखर राहू अशी शक्यता आहे त्याच भागात स्वयंपाकघर असलेलं घर घ्यायचं, किराणा भरायचा, कचरा टाकायचा आणि मी सकाळच्या गर्दीत ऑफिसपर्यंत जाऊन यायचं, असं ठरलं. आठ रात्रींचे सफाईसकट दीड लाख येन पडले, म्हणजे जवळपास नव्वद हजार रुपये. त्या पैशात दोन खोल्या, स्वयंपाकघर, वेगळं न्हाणीघर आणि धुण्याचं मशीन मिळालं. हॉटेलात चौघांना दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या आणि डाळ-भात मिळाला नसता तो वेगळाच.

निशी-कासाईच का, तर इथे आपली माणसं आहेत. टोकियोच्या पूर्व कडेला एदोगावा नावाचा वॉर्ड आहे, त्यात हे स्टेशन. 1990 च्या दशकाच्या अखेरीस वाय-टू-केच्या, म्हणजे 2000 साल लागण्याआधी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करायच्या, कामासाठी भारतातून संगणक अभियंते आले. इथून मेट्रोने ओतेमाचीच्या बँका आणि ऑफिसं पंधरा-वीस मिनिटांवर, म्हणून ते इथे राहिले, आणि मागून येणारे त्यांच्या शेजारी राहिले. आज जपानमधल्या भारतीयांची सर्वात मोठी वस्ती हीच. 2019 मध्ये इथल्या वॉर्डच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. सासूबाईंना हे विमानातच सांगितलं होतं. स्टेशनबाहेर पाऊल टाकल्यापासून त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक भारतीय चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात त्यांना सोलापूरची एक मुलगी भेटलीच. दोघी शेंगदाण्याच्या पोत्याशी वीस मिनिटं बोलत उभ्या होत्या.

आता घराबद्दल. पहिली संध्याकाळ वाईट गेली, आणि कापलेला गुण तिचाच. दारात माणूस नसतो. टॅब्लेटवर पासपोर्ट दाखवून किल्लीचा नंबर घ्यायचा. टॅब्लेटने तीन पासपोर्ट घेतले आणि सासूबाईंचा घेईना. दिलेल्या नंबरवर फोन केला तर ध्वनिमुद्रित जपानी आवाज. मेसेजला उत्तर आलं चाळीस मिनिटांनी. तोवर पावणेपाचलाच अंधार पडला होता, वारा सुटला होता, रात्रभरच्या प्रवासाने दमलेली लेक बॅगेवर बसून झोपली होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे इतक्या लवकर अंधारतं हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण अंगावर येईपर्यंत ते कळत नाही. उत्तर आल्यावर पाच मिनिटांत दार उघडलं आणि दुसऱ्या दिवशी माफीचा मेसेजही आला. तरी म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर विमानतळावरूनच घराच्या मालकांना मेसेज टाका आणि उत्तर आल्याशिवाय निघू नका.

घर स्वच्छ, अगदी कोपऱ्याकोपऱ्यांतून. उंबऱ्याच्या आत वितभर खाली चपला काढायची जागा, मग वर लाकडी जमीन. सासूबाईंनी ते बघितलं आणि "हे बरंय, आपल्यासारखंच" असं म्हणून लगेच आत गेल्या. न्हाणीघरात बुटकं स्टूल आणि छोटी बादली होती. टबात उतरण्याआधी बाहेर स्टूलवर बसून अंग धुवायचं अशी तिथली पद्धत. शॉवरखाली उभं राहायला घाबरणाऱ्या सासूबाई आठही दिवस त्या स्टूलवर बसून मनसोक्त अंघोळ करत होत्या. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला असल्या गोष्टींनी केवढा फरक पडतो, हे घरात राहिल्याशिवाय कळलं नसतं.

स्वयंपाकघराबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिथे जाणाऱ्या प्रत्येक मराठी घराला यातून जावं लागणार आहे.

मी पुण्याहून तीन लिटरचा कुकर नेला होता. शेगडी निघाली इंडक्शनची. कुकर ठेवला, बटण दाबलं, शेगडीने टुक टुक केलं आणि दिवा विझला. तीनदा तेच. कुकर ॲल्युमिनियमचा, त्यामुळे शेगडी त्याला भांडं म्हणून ओळखतच नव्हती. स्टीलचा, इंडक्शनच्या बुडाचा कुकर न्यायला हवा होता. तूरडाळ भिजत घातलेली होती, सगळ्यांना भूक लागलेली, बाहेर पाऊस. शेवटी घरातल्या भात शिजवायच्या यंत्रात मुगाची डाळ, तांदूळ, हळद, मीठ आणि अंदाजाने दुप्पट-अडीचपट पाणी घातलं. यंत्रावरची बटणं सगळी जपानी. लेकीने फोनचा कॅमेरा धरून एकेक शब्द वाचून दाखवला: पांढरा भात, झटपट भात, पेज. आम्ही पेज निवडली. पन्नास मिनिटांनी गाण्याची धून वाजली आणि झाकण उघडलं तर अशी मऊ, एकजीव खिचडी की वरून तूप-जिऱ्याची फोडणी घातल्यावर कुणी काही बोललंच नाही, सगळे खात राहिले. तिथे गेल्यावर पहिली खरेदी या यंत्राची करायची, हे त्या रात्रीच पक्कं झालं.

विजेचंही बघून ठेवा. तिथे 100 व्होल्ट आणि दोन चपट्या पिना. आपला 230 व्होल्टचा मिक्सर नेऊन काही उपयोग नाही. शिवाय नेहमीचं भाड्याचं घर घेतलं की बऱ्याच ठिकाणी शेगडी नसते, गॅसची जोडणी असते आणि शेगडी आपण आणायची. दिवेसुद्धा कित्येकदा आपणच लावायचे. ही जागा सजवलेली असल्याने ते इथे कळत नाही. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या नागपूरच्या एका कुटुंबाने सांगितलं.

किराण्याची चिंता मिटली. तूरडाळ, पोहे, रवा, हिंग, कढीपत्ता, सगळं चालत दहा मिनिटांच्या आत मिळालं. कणीकही मिळाली. जपानी तांदूळ महाग, आम्ही गेलो तेव्हा पाच किलोला 4,000 येनच्या पुढे होता, आणि तो चिकट. आपल्या भातासाठी बासमती किंवा सोना मसुरी भारतीय दुकानातूनच घ्यावा लागेल. पालेभाजीत पालक आणि मुळा छान, मेथी क्वचित. आम्ही शाकाहारी आहोत, म्हणून बाहेर खाताना जपून राहावं लागलं. भाजीचं म्हणून दिलेलं सूपसुद्धा बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात केलेलं असतं. मांस नको म्हटलं तरी मासा येतो. ते वेगळं सांगायला शिकावं लागेल.

कचऱ्यासाठी भिंतीवर चित्रांचा तक्ता आहे आणि तो नीट पाळावा लागतो. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या-डबे, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा आणि पिशवी सकाळी आठच्या आत बाहेर. आपल्याकडच्या ओला-सुक्याची सवय असल्याने मला वाटलं जमेल. पहिल्याच सकाळी दुधाचा रिकामा खोका मी जळणाऱ्यात टाकला. इमारतीची झाडलोट करणाऱ्या आजोबांनी तो बाहेर काढला, नळाखाली धुतला, कात्रीने उभा कापला, सपाट उलगडला आणि माझ्या हातात दिला. चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. मग कावळ्यांपासून पिशव्या वाचवायची जाळी कशी ओढायची तेही करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी धुतलेला, कापलेला खोका घेऊन गेले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तो घेतला आणि मान लववली.

बुधवारी सकाळी मी एकटी निघाले. माझं होऊ घातलेलं ऑफिस निहोनबाशीला, म्हणजे तोझाई लाईनने सहा स्टेशनं. 7:50 ला प्लॅटफॉर्मवर पोचले. या लाईनची गर्दी जपानभर प्रसिद्ध आहे. 2019 मध्ये किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळी क्षमतेच्या 199 टक्के प्रवासी मोजले गेले होते. करोनानंतर आकडा 150 च्या आसपास आला आहे. मी तीन वर्षं डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली आहे, म्हणून गर्दीची भीती नव्हती. पण ही गर्दी वेगळी आहे. छातीवर बॅग धरून माणसं चिकटून उभी असतात आणि डब्यात आवाज म्हणून नसतो. कुणी फोनवर बोलत नाही, कुणी "दादा, सरका जरा" म्हणत नाही. गाडी सुटली की लगेच आराकावा नदीचा लांबच लांब पूल लागतो. मिनिटभर आकाश आणि पाणी, मग गाडी जमिनीखाली शिरते. सकाळी शेवटचा डबा बायकांसाठी राखीव असतो, पुढच्या वेळी मी तिथेच उभी राहीन. फास्ट गाडी, म्हणजे रॅपिड, निशी-कासाईला थांबत नाही, ती तशीच धडधडत जाते. घर निवडताना हे विचारात घ्या. दारातून ऑफिसच्या दारापर्यंत मला 34 मिनिटं लागली. पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला मी सव्वा तास घालवते.

दुपारी शाळा. भारतीय अभ्यासक्रमाच्या दोन शाळा या भागातल्या मुलांना जवळ पडतात. ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल 2006 पासून टोकियोत आहे, आणि इंडिया इंटरनॅशनल स्कूल 2004 पासून, शेजारच्या कोतो वॉर्डात. दोन्हीकडे सीबीएसई आहे. आधी वेळ ठरवून जा. फी ऐकून नवऱ्याने वही मिटली. दुसरा रस्ता जपानी सरकारी शाळेचा. परदेशी मुलांनाही तिथे फी न घेता प्रवेश मिळतो, पण भाषा आणि दुपारचं जेवण, दोन्हींची तयारी हवी. लेकीला शाळेपेक्षा ग्योसेन बाग आवडली. तिथलं प्राणिसंग्रहालय फुकट आहे आणि त्यात लाल पांडा आहे. ती दोनदा जाऊन आली. एका दुपारी बसने कासाई रिंकाई बागेत गेलो, तिथला 117 मीटर उंच आकाशपाळणा आणि समोर समुद्र. सुट्टी म्हणावी असं एवढंच केलं, आणि कुणाची तक्रार नव्हती.

घर शोधायचं काम मात्र जड गेलं. एका खासगी एजंटकडे गेलो. माणूस नम्र होता, त्याने आमच्यासमोर तीन मालकांना फोन लावले. दोघांनी परदेशी माणूस म्हटल्यावर नकार दिला. तो मान खाली घालून सांगत होता आणि माझ्या पोटात कालवत होतं. तिसऱ्या घरासाठी अनामत, एक महिन्याचं भाडं मालकाला भेट म्हणून, एक महिन्याचं एजंटला, वर हमी देणाऱ्या कंपनीची फी. ते भेटीचं भाडं, ज्याला तिथे रेकिन म्हणतात, परत मिळत नाही. म्हणूनच भारतीय कुटुंबं यूआर नावाच्या सरकारी गृहसंस्थेच्या मोठाल्या वसाहतींत राहतात. तिथे रेकिन नाही, दलाली नाही, हमीदार लागत नाही, करार नव्याने करायची फी नाही. दोन महिन्यांची अनामत आणि उत्पन्नाची अट: भाडं 82,500 ते 2 लाख येनच्या दरम्यान असेल तर महिन्याला 3,30,000 येन मिळकत दाखवायची. पण करार पर्यटक व्हिसावर होत नाही, रहिवासाचं कार्ड हातात असावं लागतं. म्हणजे या फेरीत घर पक्कं होणार नाही हे धरूनच या. आम्ही स्टेशनजवळच्या कोजिमाचो वसाहतीत एक संध्याकाळ नुसते फिरलो. जिन्यात मोहरीच्या फोडणीचा वास आला तेव्हा नवरा थांबला आणि म्हणाला, "इथे राहता येईल."

आणखी एक गोष्ट, जी तिथल्या कोणत्याही भारतीय व्हिडिओत मला दिसली नव्हती. घरातल्या कपाटात वॉर्डचा पुराचा नकाशा ठेवलेला होता. एदोगावाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. 2019 च्या नकाशाच्या मुखपृष्ठावर वॉर्डाने स्वतःच्याच हद्दीवर छापलं होतं: इथे थांबू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरातल्या वादळात इथल्या चार लाखांहून जास्त लोकांना घर सोडायला सांगण्यात आलं. मी रात्री ते वाचलं आणि झोप उडाली. मूळची सांगलीची असल्याने पाणी घरात शिरतं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण सकाळी विचार केला की आपल्याकडे पूर येऊन गेल्यावर भिंतीवर खूण करतात, इथे पूर येण्याआधीच नकाशा कपाटात ठेवलाय. आमच्यापुरतं ठरलं आहे: घर पाचव्या मजल्याच्या वरच. आणि मजले मोजताना लक्षात ठेवा, त्यांचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. हा नकाशा घरात ठेवल्याबद्दल या जागेच्या मालकांचे मनापासून आभार. गिऱ्हाईक घाबरेल म्हणून त्यांनी तो लपवला नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर सगळा निर्णय तिथेच अडला होता. नोकरीच्या व्हिसावर नवरा आणि मूल बरोबर नेता येतं, आईवडील नाही. उच्च कौशल्याच्या खास व्हिसावर परवानगी आहे, पण तीही घरात सात वर्षांच्या आतलं मूल असेल किंवा बाळंतपण असेल तर, आणि घरचं उत्पन्न 80 लाख येन असेल तर. आमची लेक नऊ वर्षांची. म्हणजे सासूबाई येणार त्या जास्तीत जास्त नव्वद दिवस. हे त्यांना निघण्याआधी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "मला एकदा बघू तरी द्या, मग तुम्ही कुठे राहता ते डोळ्यांसमोर येईल."

इमारतीमागच्या बागेत रोज सकाळी साडेसहाला वीस-पंचवीस म्हातारी माणसं जमतात. एकजण ट्रान्झिस्टर आणतो. रेडिओवर पियानो वाजतो, एक आवाज आकडे मोजतो आणि सगळे हात वर-खाली करतात. जपानच्या रेडिओवर हा व्यायाम 1928 मध्ये सुरू झाला. सासूबाई कोथरूडला बागेतल्या हास्यक्लबात जातात. पहिल्या सकाळी त्या बाकावर बसून बघत होत्या. दुसऱ्या सकाळी एका आजींनी स्वतःच्या शेजारी हाताने जागा दाखवली. तिसऱ्या सकाळपासून त्या साडीवर स्वेटर घालून रांगेत उभ्या. एकमेकींची भाषा शून्य. तरी शेवटच्या दिवशी त्या आजींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन तांबडी पर्सिमन फळं आणून दिली आणि सासूबाईंनी पर्समधली बडीशेपेची पुडी.

परतीच्या विमानात त्यांनी मला विचारलं, नव्वद दिवस एप्रिल-मे-जून असे घेतले तर चालतील का, त्या आजी पावसाळ्यातही येतात का बघायचंय. मी होकार कळवला आहे. एप्रिलमध्ये यूआरचं घर मिळेपर्यंतचे पहिले काही आठवडे याच जागेत काढायचे असं ठरवून मालकांना मेसेज टाकलाय, वरचा मजला मागितलाय. टॅब्लेटचं काय केलं तेही विचारलंय.